हॅलो, हॅलो... माईक टेस्टिंग!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. मराठी आठवड्यातून चार तास, तेही व्याकरणाच्या धाकात. त्यामुळे ‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना’ असं संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली तेव्हा मी आधी हातच जोडले. पण एक गोष्ट आठ महिने डोक्यात अडकून बसली आहे, आणि ती ज्यांच्याबद्दल आहे ते इंग्रजी विभागाचं पान कधी उघडणार नाहीत. म्हणून हा खटाटोप. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

विषय आहे वायरलेस माईक. हसू नका! दरवर्षी गॅदरिंगच्या आधी आपण सगळ्या गोष्टींवर भांडतो. थीम कुठली, टी-शर्टचा रंग कुठला, पहिला डान्स कॉम्प्युटरचा की मेकॅनिकलचा, प्रमुख पाहुण्यांना शाल द्यायची की रोप. माईकवर मात्र कोणीच भांडत नाही. माईक म्हणजे साउंडवाल्याचं काम. तो येतो, ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो, आपण लांबून अंगठा दाखवतो, झालं! माझं म्हणणं एवढंच आहे की हा अंगठा आपण फार स्वस्तात दाखवतो. आणि त्याची किंमत भलताच माणूस मोजतो.

काकांचं भाषण

फेब्रुवारी २०२५ चं गॅदरिंग आठवतंय ना? ज्यांना आठवतंय त्यांना ‘मुलीचे मामा’ आठवत असतील. हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ अजून फिरतो. जे नवीन आले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

आपल्या मेसचे काका त्या महिन्यात रिटायर होणार होते. २८ वर्षं त्यांनी या कॉलेजच्या पोरापोरींना जेवायला वाढलं. परीक्षेच्या दिवसांत रात्री साडेअकराला गेलं तरी ‘बस, दोन पोळ्या टाकतो’ म्हणणारे काका. हॉस्टेल कमिटीने ठरवलं की त्यांचा स्टेजवर सत्कार करायचा आणि त्यांनी दोन शब्द बोलायचे. काका आयुष्यात कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते. त्यांनी मुलीकडून एक चिठ्ठी लिहून घेतली होती. दुपारी मला दाखवली, म्हणजे लांबूनच दाखवली आणि परत खिशात ठेवली. ‘संध्याकाळी ऐक की’ म्हणाले.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला काका उभे राहिले. आवाज कापत होता. ‘पोरांनो, मला बोलता येत नाही, पण एक सांगतो. ताटात अन्न टाकत जाऊ नका’ असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी चिठ्ठी उघडली, पहिलं वाक्य वाचायला सुरुवात केली, आणि स्पीकरमधून आधी एक शिट्टी आली, मग खरखर, आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात ‘मुलीच्या मामांनी मुलीला लवकर स्टेजवर घेऊन यावं, मुहूर्त टळतोय!’

आठशे जणांचं ग्राउंड. काय झालं असेल ते सांगायला नको. मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू? काका बोलत होते, ओठ हलत होते, आणि आवाज भटजींचा. मध्येच काकांचे दोन शब्द, मग परत ‘सावधान’. काकांनी माईक हलवून बघितला, उलटा करून बघितला. मग चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली उतरले.

मी साउंड कमिटीत होते. धावत मागे गेले. काका म्हणाले, ‘माझ्याकडनंच काहीतरी बटण दाबलं गेलं असेल गं. सवय नाही ना.’

चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं की साउंडवाल्याने स्वस्तातला माल आणला. मीही मान हलवली. पण खरं काय ते मला माहीत होतं, आणि तेच आज लिहायचं आहे.

ग्राउंडच्या मागच्या कंपाउंडपलीकडे लग्नाचं लॉन्स आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे (बिर्याणीचा वास येतो तेव्हा तर विशेष). त्या दिवशी तिथे गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. तिकडच्या भटजींच्या हातात आणि इकडे काकांच्या हातात एकाच मॉडेलचा वायरलेस माईक होता. या स्वस्त सेटमध्ये फ्रीक्वेन्सी बदलता येत नाही, कारखान्यातून जी येते तीच. म्हणजे दोघेही हवेतल्या एकाच जागेवर बोलत होते.

आता यातलं टेक्निकल ऐका. एफएम रिसिव्हरला एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन सिग्नल मिळाले तर तो दोघांची सरासरी काढत नाही. जो जास्त जोरकस असेल त्याला पकडतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. सेकंड इयरला यावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पाचपैकी साडेचार मिळाले होते. दोन्ही सिग्नल साधारण सारखे असले की शिट्टी आणि खरखर. एक वरचढ झाला की त्याचाच आवाज.

मग काकांच्या हातातल्या माईकपेक्षा कंपाउंडपलीकडचा माईक वरचढ कसा झाला? कारण रिसिव्हर स्टेजपाशी नव्हताच. तो मागे, मिक्सरच्या टेबलावर होता. स्टेजपासून ६० मीटरवर आणि लग्नाच्या स्टेजपासून ४० मीटरवर! मोकळ्या हवेत सिग्नलची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. भिंत, झाडं, माणसं सोडून दिली तर भटजींचा सिग्नल काकांच्या सव्वादोन पट भरतो. त्यात काकांनी माईक खालून, शेपटीला धरला होता, आणि या माईकचा अँटेना बहुधा तिथेच असतो. हाताने तो झाकला की उरलीसुरली ताकदही गेली. भटजींनी माईक मुहूर्ताच्या वेळीच चालू केला, म्हणून आधीचा एक तास आपल्याला पत्ताही लागला नाही.

तोच रिसिव्हर स्टेजच्या विंगेत, काकांपासून ६ मीटरवर ठेवला असता तर? लग्नाचा माईक ९४ मीटरवर गेला असता आणि काकांचा सिग्नल त्याच्या साधारण अडीचशे पट झाला असता. फ्रीक्वेन्सी तीच, सेट तोच, पैसे तेवढेच. फक्त रिसिव्हर पुढे आणि तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची एक साधी वायर. भटजी आपल्या ग्राउंडवर आलेच नसते.

आणि आता ती गोष्ट, जी मी आजपर्यंत फक्त रूममेटला सांगितली आहे. साउंडवाल्या दादांनी दुपारी विचारलं होतं, ‘ताई, रिसिव्हर स्टेजजवळ ठेवू का? इथनं लांब पडतंय.’ मी म्हणाले, ‘नको, स्टेजवर वायरी दिसतील, फोटो खराब येतात.’ ई अँड टीसीची, कॅप्चर इफेक्टला साडेचार मार्क मिळवलेली मी! दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ‘बरं’ म्हणाले आणि रिसिव्हर मागे नेला.

तेव्हा चूक साउंडवाल्यांची नव्हती.

हवा कोणाची?

वायरलेस माईक म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशन, हे आपण विसरतो. आकाशवाणीच्या टॉवरसारखंच, फक्त ताकद काही मिलीवॉटची. स्टेशन लावायचं म्हणजे जागा बघायला नको का? आपण गाडी लावतानासुद्धा आधी बघतो की तिथे कोणाची गाडी उभी आहे का.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. वाद होता क्रिकेट मॅचच्या प्रक्षेपणाचा, एका बाजूला माहिती व प्रसारण मंत्रालय आणि दुसऱ्या बाजूला बंगालची क्रिकेट असोसिएशन. त्यात न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की एअरवेव्हज् ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या खिशातली नाही आणि कंपनीच्याही नाही. मला हा निकाल फार आवडतो. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे एसटी स्टँडवरच्या नळासारखी. तुमचीही आहे आणि पुढच्या माणसाचीही आहे. तिथे रांग लावायची पद्धत असते. हवेत रांग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण घुसतो.

ही गर्दी दिवसेंदिवस वाढतेच आहे. आपल्या स्टोअरच्या कपाटात एक जुना, चांगल्या प्रतीचा सेट पडून आहे. अनेकांना वाटतं की तो खराब झाला. तो खराब झालेला नाही! त्याच्या मागे ७४० ते ७७० मेगाहर्ट्झ असं लिहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या ५जी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा बँड रिलायन्स जिओने देशाच्या सर्व २२ सर्कलमध्ये घेतला. या बँडमध्ये ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झवर मोबाईल बोलतो आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झवर टॉवर बोलतो. आता सांगा, आठशे प्रेक्षकांच्या खिशात मोबाईल असताना तो बिचारा सेट काय करणार? माईक आहे तिथेच राहिला, त्याच्या भोवतीचं गाव बदललं. अमेरिकेत तर १२ जून २०१० पासून ७०० मेगाहर्ट्झमध्ये वायरलेस माईक वापरायलाच बंदी आली, आणि १३ जुलै २०२० पासून ६०० मेगाहर्ट्झच्या मोठ्या भागातूनही माईकना उठावं लागलं. तेव्हा नवीन सेट घेताना किंवा भाड्याने आणताना ‘वॉट किती’ विचारण्याआधी ‘मेगाहर्ट्झ किती’ विचारा.

रील्ससाठी आपण कॉलरला लावतो ते छोटे माईक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचे असतात. तिथे वायफाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉट सगळे एकाच चाळीत राहतात. वायफायचे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे तीनच, १, ६ आणि ११. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये हा माईक झकास चालतो आणि संध्याकाळी हॉल भरला की तुटायला लागतो. कारण एक तर शंभर हॉटस्पॉट चालू झालेले असतात, आणि दुसरं म्हणजे माणूस हा बराचसा पाण्याचा बनलेला आहे. पाणी ही फ्रीक्वेन्सी चांगलीच शोषून घेतं. प्रेक्षक म्हणजे रेडिओच्या दृष्टीने ओली भिंत!

या बँडमधली ब्लूटूथसारखी उपकरणं फ्रीक्वेन्सीवरून फ्रीक्वेन्सीवर उड्या मारत आपली वाट काढतात. जाता जाता मुलींसाठी सांगते. अशा उड्यांच्या एका पद्धतीचं पेटंट ११ ऑगस्ट १९४२ ला मिळालं होतं, आणि ते मिळवणाऱ्या दोघांत एक होती हॉलिवूडची नटी हेडी लामार, दुसरा संगीतकार जॉर्ज अँथाइल. शत्रूने जॅम करू नये म्हणून टॉर्पेडोसाठी त्यांनी ती कल्पना मांडली होती. व्हायव्हाला उपयोगी पडेल.

वहीवाले दादा

काकांचा प्रसंग मनातून जात नव्हता. म्हणून १५ सप्टेंबर २०२५ च्या अभियंता दिनाला मी साउंडचं काम स्वतःहून मागून घेतलं. यावेळी कार्यक्रम ऑडिटोरियममध्ये होता. सहा वायरलेस माईक, फ्रीक्वेन्सी बदलता येणारे. साउंडवाले तेच दादा, मुद्दाम त्यांनाच बोलावलं.

मी आदल्या रात्री बसून एक्सेलमध्ये सुंदर तक्ता केला. ६१०.०, मग ६१०.४, मग ६१०.८, असं ०.४ चं समान अंतर. कॉन्व्हेंटच्या वहीतल्या मार्जिनसारखं सरळ. दादांनी तो बघितला, काही बोलले नाहीत, लावून दिला. पहिले दोन माईक चालू केले आणि तिसरा बंद असतानाच त्याच्या रिसिव्हरचे दिवे लागले! तिसऱ्या जागेवर कोणीच नाही, तरी कोणीतरी आहे. मला तर भुताटकीच वाटली.

दादा म्हणाले, ‘ताई, सारख्या अंतरावर लावले की ते आपसात भांडतात.’ त्यांनी पिशवीतून एक वही काढली. दुरेघी, कोपरे दुमडलेली. कुठल्या हॉलला, कुठल्या कार्यालयात, किती माईक, कुठल्या नंबरवर चालले आणि कुठल्या नंबरवर नाही, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. दादांनी दहावीनंतर शाळा सोडली. त्यांना फॉर्म्युला माहीत नव्हता, मला फॉर्म्युला माहीत होता. पण उपयोग कोणाचा झाला?

फॉर्म्युला असा. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या सर्किटमध्ये सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि नवीन, कोणी न लावलेल्या फ्रीक्वेन्सी जन्माला येतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे एकीची दुप्पट वजा दुसरी. ६१०.४ ची दुप्पट १२२०.८, त्यातून ६१०.० वजा करा. उत्तर ६१०.८! बरोबर माझ्या तिसऱ्या माईकच्या डोक्यावर. यालाच इंटरमॉड्युलेशन म्हणतात. तीन माईक असले तर अशी तिसऱ्या ऑर्डरची नऊ भुतं तयार होतात, चार असले तर चोवीस, आणि सहा असले तर नव्वद! म्हणून अंतर मुद्दाम वाकडंतिकडं ठेवायचं. ६१०.०, ६१०.४ आणि तिसरा ६११.२ लावा. गणित करून बघा, नऊपैकी एकही भूत कुठल्याही माईकच्या ०.४ मेगाहर्ट्झच्या आत येत नाही. सहा माईकना हे हाताने करणं जिकिरीचं आहे, म्हणून कंपन्या सेटमध्ये आधीच जुळवलेले ग्रुप देतात. सगळे माईक एकाच ग्रुपमधले घ्यायचे, दोन ग्रुपची खिचडी करायची नाही. आम्ही शेवटी तेच केलं.

त्या दिवशी दादांबरोबर जो क्रम पाळला तो इथे लिहून ठेवते, पुढच्या कमिटीला उपयोगी पडेल.

पहिलं, हॉलमधलं सगळं चालू करायचं. एलईडी वॉल, लाईट, प्रोजेक्टर, वायफाय. कारण एलईडी वॉल आणि तिचे पॉवर सप्लायसुद्धा रेडिओचा कचरा फेकतात. मग सगळे माईक बंद ठेवून रिसिव्हरने मोकळ्या जागा स्कॅन करायच्या. आपल्या कम्युनिकेशन लॅबमध्ये आरटीएल-एसडीआरचे डोंगल आहेत, लॅपटॉपला लावलं की हवेतली गर्दी स्क्रीनवर दिसते. एक्सपेरिमेंटपुरतं कपाटातून काढून परत कपाटात ठेवण्यापेक्षा ते इथे वापरूया ना!

दुसरं, माईक एकेक करून चालू करायचे आणि चालूच ठेवायचे. पुढच्याची जागा आधीचे बोलत असताना ठरवायची.

तिसरं, सगळे चालू झाल्यावर एकेक माईक बंद करून त्याचा रिसिव्हर बघायचा. माईक बंद आणि दिवा चालू, म्हणजे तिथे कोणीतरी बसलंय. जागा बदला. काकांच्या वेळी भटजींचा माईक चालू असताना ही एक टेस्ट झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

चौथं, रिसिव्हर स्टेजजवळ आणि अँटेना माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर असते, म्हणजे दोन अँटेनांमध्ये निदान वीतभर तरी अंतर हवं. दोन अँटेना शोभेला नसतात. भिंतीवरून, लोखंडी ट्रसवरून आपटून आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारून टाकतात तेव्हा दुसरा अँटेना वाचवतो. पण रिसिव्हरच्या उशाशी माईक ठेवू नका, तीनेक मीटर तरी लांब. आणि चालू माईक एका टेबलावर चिकटवून ठेवू नका, भुतं तिथेच जन्मतात.

पाचवं, नवीन सेल घालून, बोलत बोलत पूर्ण स्टेज चालून यायचं. कोपऱ्याकोपऱ्यात. जिथे आवाज तुटतो तिथे खडूने खूण. अँकरला सांगायचं की इथे उभं राहू नकोस, आणि माईकची शेपटी धरू नकोस.

एवढं करायला आम्हाला पाऊण तास लागला. कार्यक्रमात एकदाही खरखर झाली नाही. पण फुशारकी मारत नाही. तेव्हा पितृपक्ष चालू होता, लॉन्सवर लग्नच नव्हतं. खरी परीक्षा फेब्रुवारीत.

वायरची लाज कशाला?

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं मत. ते वाचून थोडे जण नाराज होतील. जो माणूस एका जागी उभं राहून बोलणार आहे त्याच्या हातात वायरलेस माईक द्यायचाच कशाला?

आमच्या शाळेत रोज सकाळी असेंब्लीला एकच माईक असायचा. जुना, जड, स्टँडवरचा, लांबलचक वायरचा. एक मुलगी प्रार्थना म्हणायची, एक बातम्या वाचायची, मग सिस्टर बोलायच्या. दहा वर्षांत तो माईक एकदाही बंद पडलेला मला आठवत नाही. तिथे फ्रीक्वेन्सी नाही, सेल नाही, शेजारचं लग्न नाही. साउंडवाले ज्याला कॅनन पिन म्हणतात त्या वायरीत आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो. वाटेत जो काही नॉइज घुसतो तो दोन्हींत सारखाच घुसतो, आणि मिक्सर दोन्हींतला फरक घेतो तेव्हा तो आपोआप कटतो. इतकी सुंदर गोष्ट, आणि आपल्याला ती जुनाट वाटते!

पाहुण्यांचं भाषण, सत्कार, आभार, बक्षिसांची यादी हे सगळं वायरच्या माईकवर होऊ शकतं. वायरलेस ठेवा फक्त त्यांच्यासाठी ज्यांना खरंच फिरायचं आहे, गाणारे, नाटकवाले, अँकर. जितके वायरलेस कमी तितकी भुतं कमी, हे वरच्या हिशोबातून दिसतंच. सहाऐवजी तीन माईक केले तर नव्वदवरून नऊ.

शिवाय एक साधी गोष्ट आहे. माईक गेला तर आपला अँकर ‘लगता है माईक को भी शरम आ रही है’ म्हणून वेळ मारून नेतो. त्याला सवय असते. पण जो पहिल्यांदा उभा राहिला आहे, त्याला वाटतं की चूक आपलीच. मग ते मेसचे काका असोत, फर्स्ट इयरची गावाकडून आलेली मुलगी असो, किंवा वॉचमन मामा असोत. सगळ्यात भरवशाचा माईक आपण प्रमुख पाहुण्यांना देतो, आणि उरलेला अशा माणसांच्या हातात ठेवतो. उलट हवं.

मागच्या महिन्यात

फेब्रुवारीची तयारी म्हणून मागच्या महिन्यात मी लॉन्सच्या मॅनेजरना भेटायला गेले. म्हटलं, तुमच्याकडे कुठल्या तारखांना लग्नं आहेत आणि साउंड कोणाचा, हे कळलं तर आम्ही आमच्या फ्रीक्वेन्सी बदलू. ते चहा मागवून म्हणाले, ‘इतक्या वर्षांत कॉलेजमधनं विचारायला कोणी आलं नव्हतं. अहो, त्या दिवशी तुमचे एक काका आमच्या मांडवात बोलले! भटजींनी माईक चालू करायच्या आधी. ताटात अन्न टाकू नका म्हणाले. पाहुणे चकित, आम्हाला वाटलं मुलीकडच्या कोणीतरी अनाउन्समेंट केली.’

त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला. ते आता गावी असतात. सगळं सांगितलं, लग्न, भटजी, रिसिव्हर, आणि रिसिव्हर मागे ठेवायला मीच सांगितलं होतं तेही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, ‘म्हणजे बटण माझ्याकडनं दाबलं गेलं नव्हतं?’

‘नाही काका.’

‘मी आपलं इतके दिवस धरून बसलो होतो.’

बस, एवढंच. आठ महिने एक माणूस असं समजून चालला होता की शेकडो पोरांसमोर आपलंच काहीतरी चुकलं. आणि आपण व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो.

म्हणून सांस्कृतिक समितीला आणि सरांना-मॅडमना माझी नम्र विनंती. गॅदरिंगच्या बजेटमध्ये आणि वेळापत्रकात साउंड चेकसाठी एक पूर्ण तास ठेवा, गेट उघडायच्या आधी. दरवर्षी ई अँड टीसीच्या दोन मुलांकडे फ्रीक्वेन्सीचं काम द्या आणि त्यांची वही पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या, दादांच्या वहीसारखी. कपाटातला ७०० मेगाहर्ट्झचा सेट वापरातून काढा. स्टेजवर मध्यभागी वायरचा एक माईक कायम उभा ठेवा. फोटोत वायर दिसली तर दिसू दे. आणि साउंडवाले दादा काही सुचवतात तेव्हा आधी ऐकून घ्या. हे शेवटचं मी स्वतःलाच सांगतेय.

काकांना मी यंदाच्या गॅदरिंगला बोलावलं आहे. ‘हरभरा काढून झाला तर बघतो’ म्हणाले. चिठ्ठी अजून आहे का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आले तर रिसिव्हर कुठे ठेवायचा हा प्रश्नच येणार नाही, त्यांच्यासाठी वायरचा माईक लावणार आहे.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन
लेडीज हॉस्टेल